चौथी ओळ

तारीखरावांचं खरं नाव दैनिकाच्या कचेरीत फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी ते कचेरीत तारीखराव, बाजारात तारीखराव, आणि चिडल्यावर बायकोच्या तोंडीसुद्धा तारीखरावच. पान दोनवर, हवामानाच्या खाली, ‘आजच्या दिवशी’ नावाची चौकट रोज यायची, ती हे भरायचे. कुठला तह कधी झाला, कुठला पूल कधी खुला झाला, कुठल्या शास्त्रज्ञाने कधी डोळे मिटले, हे त्यांना झोपेतून उठवून विचारावं. बायकोचा वाढदिवस मात्र विचारू नये. तो एकदा हुकला होता, आणि बायकोने ते प्रकरण अजून बंद केलं नव्हतं. "जगातले मेलेले सगळे लक्षात राहतात यांच्या, घरातली जिवंत तेवढी राहत नाही," असं ती आल्यागेल्याला ऐकवायची.

चौकटीत ओळी चार. तीन जगाच्या आणि चौथी आपल्या शहराची. हा नियम दैनिकाच्या पहिल्या संपादकांनी घालून दिला होता, आणि ते गेले तरी नियम काही गेला नाही. जगाच्या ओळींची काळजी नव्हती. जगात रोज काही ना काही घडून गेलेलं असतंच. घोडं पेंड खायचं ते चौथ्या ओळीत. शहर सुस्त. इतिहास घडवायचं त्याने कधी फारसं मनावर घेतलं नव्हतं. तरी तारीखराव जुन्या अंकांच्या बांधीव फायलींत नाक खुपसून काहीतरी काढायचेच. पोहण्याच्या तलावाचं उद्घाटन, आगीच्या बंबाची पहिली फेरी, सर्कशीतलं माकड सुटून कोर्टात शिरलं तो दिवस. वाचक जगाच्या ओळींवरून नुसती नजर फिरवत आणि चौथी ओळ घरात मोठ्याने वाचून दाखवत. ही गोष्ट तारीखरावांना ठाऊक होती आणि त्यांची छाती त्यावर फुगलेली असायची.

थंडीच्या तोंडावरची एक एकोणीस तारीख मात्र अगदी कोरडी होती. त्या दिवशी या शहरात काही म्हणता काही झालं नव्हतं. निदान फायलींत तरी नव्हतं. आणि ज्या काही वर्षांत झालं असण्याची शक्यता होती, त्यांच्या फायली गळक्या छपराखाली भिजून विटेसारख्या घट्ट झाल्या होत्या. दर वर्षी तारीखराव तिथे काहीबाही घालून वेळ मारून नेत. गेल्या वर्षी तेही सुचेना. पानं लावणारा मांडणीकार दारातून ओरडत होता, "चौथी ओळ द्या, नाहीतर मी तिथे साबणाची जाहिरात टाकतो!"

खिडकीच्या वरच्या फळीवर कबुतरांची एक जोडी काड्या आणून टाकत होती. तारीखराव त्यांच्याकडे बघत बसले. आणि लहानपणी कानावर पडलेली एक गोष्ट त्यांना आठवली. त्यांच्या जन्माआधी कधीतरी बाजारातल्या टॉवरचं घड्याळ दिवसभर बंद पडलं होतं आणि किल्ली देणाऱ्या माणसाची नोकरी गेली होती. एवढंच. कधी, कशाने, कोण माणूस, काही माहीत नव्हतं. थंडीचे दिवस होते असं आजोबा म्हणाल्याचं आठवत होतं. थंडी म्हणजे एकोणीस तारीख असायला काय हरकत आहे? उरलेलं तारीखरावांनी पदरचं घातलं.

‘आपल्या शहरात : टॉवरचं घड्याळ दिवसभर बंद राहिलं. यंत्रात कबुतराने केलेल्या घरट्यात अंडी फुटत होती, म्हणून घड्याळवाल्याने त्या दिवशी चाकं फिरू दिली नाहीत. त्याला नोकरीवरून काढण्यात आलं.’

लिहून झाल्यावर त्यांना स्वतःलाच भरून आलं. ओळ चौकटीत चपखल बसली. मांडणीकार गप्प झाला.

खरं तर ती ओळ एखाद्या शाळकरी पोरानेही पकडावी अशी होती. तारखांचा माणूस, आणि ओळीत साल नाही! शिवाय आदल्या दिवशी घड्याळ चालू असताना घरटं त्या चाकांत टिकलं कसं? पण हे कोणी विचारलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी कचेरीत फोनवर फोन. केस कापणारा म्हणाला, "काय माणसं होती हो पूर्वी!" संपादकांनी केबिनमध्ये बोलावून पाठ थोपटली. लोक विचारायचे, पिल्लं किती होती? तारीखराव म्हणायचे, दोन. पहिल्यांदा सांगताना जीभ जरा अडखळली, मनात पाल चुकचुकली. पाचव्या-सहाव्या वेळी अडखळली नाही. एका पिल्लाचा पाय अधू होता, असंही ते एकदा बोलून गेले.

या वर्षी संपादकांनीच आठवण करून दिली. "एकोणीस आली बरं का. यंदा ओळ नको, अर्धं पान करा. टॉवरचा फोटो टाकू." इथे तारीखरावांना मागे फिरता आलं असतं. ‘साहेब, आधार कच्चा आहे,’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खाली उतरण्याची लाज वाटते. त्यांनी अर्धं पान लिहिलं आणि मन लावून लिहिलं. घड्याळवाला अबोल होता. त्याच्या हाताला तेलाचा वास यायचा. अधिकारी जिना चढून वर आले, तेव्हा तो दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "शहर एक दिवस उशिरा चाललं तर चालेल, साहेब. या जिवांना उशीर चालणार नाही."

हे वाक्य सुचलं तेव्हा तारीखराव खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आले होते.

एकोणीस तारखेला सकाळी ते कचेरीत येऊन टेकतात न टेकतात तोच शिपाई म्हणाला, "एक म्हाताऱ्या बाई आल्यात. नाव सांगत नाहीत. म्हणतात, त्याला सांग, बाई आल्यात."

तारीखरावांनी दाराकडे पाहिलं आणि ते ताडकन उभे राहिले. पन्नाशी उलटलेला माणूस, पण पोट आपोआप आत गेलं. दारात त्यांच्या शाळेच्या मोठ्या बाई उभ्या होत्या. आधी गणित शिकवायच्या, पुढे मुख्याध्यापिका झाल्या. मुलं मागून त्यांना घड्याळबाई म्हणत, कारण घंटेचा शेवटचा ठोका पडला की बाई स्वतः फाटक लावत. मग बाहेर नगराध्यक्षाचा मुलगा असो की पाय मोडलेलं पोर असो. तारीखरावांनी त्या फाटकाच्या गजांना धरून कितीतरी सकाळी काढल्या होत्या. आता बाई पंच्याहत्तरीच्या घरात होत्या, कणा तसाच ताठ, मनगटावर तेच मोठ्या तबकडीचं घड्याळ. हातात आजचा अंक होता, घडी घातलेला.

"बस," बाई म्हणाल्या. ते बसले. मग बाई उभ्याच आहेत हे लक्षात येऊन पुन्हा उठले, खुर्ची पुढे केली. बाई बसल्या.

"हे तू लिहिलंस?"

"हो, बाई."

"तारीख चुकली आहे. एकोणीस नाही, एकवीस." तारीखराव सवयीने पेन्सिल शोधू लागले. पण बाई पुढे म्हणाल्या, "असो. एवढं चालायचं."

बाईंच्या तोंडून ‘चालायचं’ हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. इथेच त्यांना काहीतरी भयंकर येतंय याचा अंदाज आला.

"घड्याळवाले माझे वडील," बाई म्हणाल्या.

शिपायाने चहा आणून ठेवला. दोघांनीही त्याला हात लावला नाही.

"कोणाला माहीत नाही हे. मी कधी सांगितलं नाही. लग्नानंतर आडनाव बदललं, ते मला फार बरं पडलं. घड्याळ बंद पडलं तेव्हा मी नववीत होते. सगळ्या शहराने ठरवून टाकलं, पिऊन पडला असणार. कधीमधी प्यायचे ते, त्यामुळे ठरवायला सोपं गेलं. वर्गातल्या मुली रोज मला विचारायच्या, किती वाजले गं? आणि हसायच्या. मी मावशीकडे निघून गेले. आईही गेली माहेरी. पुढे नोकरी इथेच लागली, तेव्हा ते गावाबाहेरच्या एका गोदामावर राखण करायचे. मी गेले नाही. एकदा तेच शाळेपाशी आले होते. घंटा झाली होती." बाई थांबल्या. "मी फाटक लावून घेतलं."

"बाई..."

"शेवटी सरकारी दवाखान्यात होते. निरोप आला. माझ्या सहामाहीच्या परीक्षा चालू होत्या. म्हणजे शाळेच्या. म्हटलं, परीक्षा झाल्यावर बघू." बाईंनी अंकाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "पाखरांसाठी थांबवलं होतं त्यांनी घड्याळ. आणि एका शब्दाने बोलले नाहीत आम्हाला. का बोलले नसतील रे?"

तारीखराव टेबलाच्या काचेखाली दाबलेल्या जुन्या पासकडे बघत होते. त्यांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"हे वाक्य. ‘या जिवांना उशीर चालणार नाही.’ असं बोलले ते? असंच?"

हीच ती वेळ होती. दारात कोणी नव्हतं, मांडणीकार अजून आला नव्हता, बाई समोर होत्या. ‘नाही’ म्हणायला किती वेळ लागतो! पण बाईंचे डोळे भरलेले तारीखरावांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले आणि त्यांचं धैर्य पार गळून गेलं.

"हो," ते म्हणाले. "असंच."

"मला तो जुना अंक बघायचा आहे. तू जिथून घेतलंस तो."

"फाइल बांधणीला गेलीय, बाई."

"परवा येईन. एकवीसला." बाई उठल्या. दारापाशी वळल्या आणि म्हणाल्या, "तू वर्गात भित्रा होतास. पण काम चांगलं केलंस हो."

त्या गेल्यावर तारीखराव बराच वेळ हिशेबनीसाच्या रिकाम्या खोलीत जाऊन उभे राहिले. बाहेर कोणीतरी त्यांना शोधत होतं. त्यांना कोणाला तोंड दाखवावंसं वाटेना. शरमेने माणसाचे कान गरम होतात असं ते पुस्तकात वाचत आले होते. ते खरं असतं हे आज कळलं.

घरी बायकोने ताट वाढलं, तर घास खाली उतरेना. काय झालं, काय झालं, असं विचारून विचारून तिने शेवटी सगळं काढून घेतलं. ऐकल्यावर ती हसेल किंवा ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ती हातातला डाव खाली ठेवून समोर बसली.

"म्हणजे तिच्या बापाला तू चांगला केलास," ती हळूहळू म्हणाली, "आणि तिला वाईट केलंस."

"मी मुद्दाम केलं का? मला काय ठाऊक, तिचा बाप म्हणून! आणि अगं, बघायला गेलं तर चांगलंच झालं ना? म्हातारपणी बापाबद्दल चार चांगले शब्द..."

"मग जेव की," बायको म्हणाली.

ते जेवले नाहीत.

सकाळी कचेरीत जाताना बाजारातून वाट होती. टॉवरच्या पायथ्याशी पाचसात माणसं जमलेली दिसली. तारीखरावांना वाटलं, काही विकायला आलं असेल. पुढे जाऊन पाहतात तर मधे बाई. भाजीवाली त्यांना सांगत होती, "तुमचे वडील म्हणजे देवमाणूस हो!" आणि बाई, ज्यांनी साठ वर्षांत आपल्या घरची गोष्ट भिंतीलाही सांगितली नव्हती, त्या भर बाजारात भाजीवालीला सांगत होत्या, "मी भेटायला गेले नाही त्यांना. दवाखान्यात होते. मी गेले नाही." भाजीवाली ओशाळून भाजीवर पाणी मारायला लागली. तर बाई शेजारच्या कुलपांच्या दुकानदाराकडे वळल्या आणि तेच पुन्हा सांगू लागल्या. दुकानदार बाईंचाच विद्यार्थी. तो मान खाली घालून नुसता "हो बाई, हो बाई" करत राहिला. बाईंच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. तिथली कातडी पांढरी पडलेली दिसत होती.

तारीखराव दुसऱ्या गल्लीतून पळाले. पळाले हाच शब्द. कचेरीत त्यांनी उद्याच्या चौकटीच्या तीन ओळी लिहिल्या आणि चौथी तशीच ठेवली. एकदा मनात आलं, जुन्या कागदावर एक पान छापून घेता येईल. मांडणीकार दोस्त आहे, कागद पिवळा करता येतो. हे आपल्याच डोक्यात आलं म्हणून ते इतके दचकले की समोरचा चहा सांडला. मग उठले, शिपायाला काहीएक न सांगता बाहेर पडले आणि थेट बाईंच्या घरी गेले. आपण सांगून टाकायचं. बाई चिडतील, चार शब्द लावतील, लावोत. पण त्यांच्या डोक्यावरचं ओझं तर उतरेल. बाप आधी होता तसाच होता, आपण त्याच्याशी वागलो ते काही चुकलं नाही, एवढं तर त्यांना कळेल. रस्ताभर तारीखरावांनी हे स्वतःला समजावलं. बाईंच्या दारापर्यंत पोचता पोचता आपण एक उपकारच करायला निघालोय असं त्यांना वाटायला लागलं होतं. माणूस स्वतःला कुठवर फसवू शकतो पाहा.

बाई एकट्या राहत. दोन खोल्या, सगळं जागच्या जागी. दार उघडून त्या म्हणाल्या, "बरा आलास. खिळा ठोकून दे."

टेबलावर भिंतीला टेकवून एक फोटो ठेवला होता. लहानसा, ओळखपत्रासाठी काढतात तसा, पण नवी चौकट करून आणलेला. टोपी घातलेला एक माणूस, गालफडं बसलेली, डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत, जरा बाजूला. "ट्रंकेच्या तळाशी होता," बाई म्हणाल्या. "फाडून टाकला नव्हता, हे नशीब. तिथे लाव, खिडकीशेजारी."

हातात हातोडा आला. तारीखराव स्टुलावर चढले. भिंत कडक होती. पहिला खिळा वाकला. बाई खालून स्टूल धरून उभ्या होत्या आणि बोलत होत्या. "लहानपणी मला न्यायचे वर. मोठं चाक माझ्या उंचीचं होतं. मला म्हणायचे, हात लावू नकोस, वेळ दुखावते." त्या हसल्या. "विसरलेच होते मी हे. तुझ्या लेखाने आठवलं."

दुसरा खिळा आत गेला. तारीखरावांनी हात खाली घेतला, पण ते स्टुलावरून उतरले नाहीत. भिंतीकडे तोंड करूनच बोलले. तोंड वळवायची त्यांची हिंमत नव्हती.

"बाई, घरटं नव्हतं."

त्यांनी ठोकलेला खिळा उगाच बोटाने चाचपला.

"म्हणजे असेलही, मला माहीत नाही. मी ते कुठे वाचलं नाही. घड्याळ बंद पडलं होतं आणि माणसाची नोकरी गेली, एवढंच ऐकलं होतं. बाकीचं मी... चौथी ओळ हवी होती. ते वाक्यही माझंच. फाइल बांधणीला वगैरे काही गेलेली नाही. मी तुमच्याशी तोंडावर खोटं बोललो."

स्टुलावरचा बाईंचा हात सुटला. तारीखरावांना तो सुटलेला कळला.

"खाली उतर," बाई म्हणाल्या.

ते उतरले. हातोडा हातातच होता. तो कुठे ठेवायचा ते कळेना म्हणून दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. बाईंनी मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि फोटोकडे बघत राहिल्या. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका, म्हणून सांगायला आलो," तारीखराव म्हणाले. इतकं दीनवाणं वाक्य आपण कधी बोललो नव्हतो असं बोलतानाच त्यांना वाटलं. "तुमचं काही चुकलं नव्हतं. म्हणजे, ते तसे काही... मी उगाच त्यांना..."

"कबुतर तुला कुठून सुचलं?"

"कचेरीच्या खिडकीत बसलं होतं."

"आणि पिऊन पडला असेल, असं का नाही सुचलं?"

तारीखराव गोंधळले. यात काही खोच आहे का ते त्यांना कळेना. "तसं... नाही आलं मनात. वाटलं, काहीतरी चांगलं कारण असेल."

"तू त्यांना ओळखत नव्हतास."

"नाही."

"कधी पाहिलंही नव्हतंस."

"नाही, बाई."

"तुला, परक्या माणसाला, खुर्चीत बसल्या बसल्या वाटलं, काहीतरी चांगलं कारण असेल." बाईंचा आवाज चढला नाही. गणित सोडवून दाखवताना असायचा तसाच होता, एकेक पायरी. "मी पोटची मुलगी. साठ वर्षांत मला ते एकदाही वाटलं नाही. घरटं होतं का नव्हतं, याने त्यात काय फरक पडतो?"

जे ओझं उतरवायला तारीखराव आले होते, ते जागचं हललंही नव्हतं. उलट आता त्याला हात घालायलाही जागा राहिली नव्हती. त्यांना तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. आपली लाज घेऊन आलो आणि ती यांच्या टेबलावर ठेवून मोकळे व्हायला बघत होतो, हे त्यांना आता दिसत होतं.

"फोटो लाव," बाई म्हणाल्या.

"बाई, पण..."

"फोटो माझ्या वडिलांचा आहे. तुझ्या गोष्टीचा नाही. लाव."

ते पुन्हा स्टुलावर चढले. या वेळी स्टूल कोणी धरलं नाही. फोटो लावला, सरळ केला, उतरले. वरूनही तो माणूस त्यांच्याकडे बघत नव्हता.

"उद्या एकवीस," बाई म्हणाल्या. "उद्याची चौथी ओळ लिहिलीस?"

"नाही. कोरी ठेवलीय."

"कागद काढ."

खिशात कागद नव्हता. बाईंनी टेबलाच्या खणातून एक कोरा कागद आणि पेन्सिल काढून दिली. तारीखराव टेबलाशी बसले, आणि काही शिकवावं लागलं नाही, वर्गातल्यासारखं कोपर आपोआप आत ओढलं गेलं.

"लिही. आपल्या शहरात, टॉवरचं घड्याळ दिवसभर बंद पडलं."

"...बंद पडलं."

"घड्याळवाल्याला नोकरीवरून काढलं."

"...काढलं." मग बाई बोलेनात, तेव्हा उरलेलं आपल्याला येतं अशा आशेने तारीखरावांनी स्वतःच लिहिलं, ‘कारण माहीत नाही.’ निदान एवढं तरी खरं होतं. त्यांनी कागद बाईंसमोर सरकवला.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. पेन्सिल घेतली आणि शेवटच्या वाक्यावर एक रेघ मारली, वहीतल्या चुकलेल्या उत्तरावर मारायच्या तशी.

"असं नाही," त्या म्हणाल्या. "कारण कोणी विचारलं नाही. असं लिही."

तारीखरावांनी लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, कारण ते लिहिताना त्यांना आठवलं की घड्याळवाल्याच्या घरच्या कोणाला, टॉवरखालच्या एखाद्या जुन्या दुकानदाराला, कोणालाही, वर्षभरात विचारायला त्यांच्याकडे भरपूर वेळ होता. तेही विचारायला गेले नव्हते.

"वाचून दाखव," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

तारीखराव उभे राहिले आणि त्यांनी वाचून दाखवलं.